कागदी ग्लास कोणत्या डब्यात?

"तो गिलास आमच्या डब्यात टाकू नको वं. जातानी संग घेऊन जा."

आमच्याच गावातल्या एका काकूंच्या बैठकीत आम्ही दोघी सर्वेक्षणासाठी बसलो होतो. माझ्या सहकारी मैत्रिणीला पाणी आलं ते स्टीलच्या ग्लासात. दुसरा ग्लास माझ्यापर्यंत पोहोचणार, इतक्यात काकूंनी मला ओळखलं.

"तू त्या घंटागाडीवालीची पोरगी नं?"

"हो."

ट्रे आत गेला. परत आला तो कागदी ग्लास घेऊन.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन शेजारच्या गावांतले घरगुती कचऱ्याचे नियम ताडून पाहणं हे माझं काम. शेजारच्या गावी तीन डबे: ओला, सुका आणि वापरलेल्या पॅडचा वेगळा. मिसळलेला कचरा गाडी दारातच सोडून जाते. आमच्या गावी डबे दोन, पण नियम मोडला तरी गाडी सगळं उचलते. त्या गाडीवर माझी आई असते. फुटकी काच, शिळं अन्न, पॅड, सगळं ती उघड्या हातांनी निवडते.

बैठकीतून आत काकूंच्या स्वयंपाकाच्या ओट्याखाली एकच डबा दिसत होता. त्यात तुरीच्या शेंगांची टरफलं, दुधाच्या पिशव्या, औषधाची बाटली. सगळं एकत्र. माझा ओठ लागेल तो ग्लास तेवढा त्यात चालणार नव्हता. त्या घरात वेगळं काढलं गेलं ते फक्त मला.

मी कागदी ग्लास भरलेलाच ट्रेमध्ये परत ठेवला.

"काकू, मीही स्टीलच्याच ग्लासात पिईन. नाहीतर पिणार नाही."

"लय शिकली म्हणून तोंड वर करून राह्यली का?"

"हो."

मैत्रीण खाली पाहत पाणी पीत राहिली.

संध्याकाळी आई चिडली. "कायले बोलली वं? सकाळी मलेच त्या दारात जा लागते."

"मिसळलेला दिला तर उचलू नको."

"अन् कामावरून काढलं म्हंजे?"

म्हणून उद्या गाडीसोबत मी जाणार आहे. मिसळलेला कचरा न उचलण्याचा नियम दोन्ही गावांत सारखा असावा, असं अहवालात मी लिहिलं आहे. पण अहवाल वाचला जाईपर्यंत आईचे हात थांबणार नाहीत. काकूंचा मिसळलेला डबा मी दारातच अडवीन. आई नाही, मी. तक्रार करायची तर माझ्या नावाने करा, असं काकूंना म्हणेन. माझं नाव काकूंनी विचारलंच नव्हतं. ते मी दारात उभी राहून सांगेन. माझं, आणि आईचंही.