चटईवर बसणारा येशू

मासे धुरावर सुकवून विकणारी क्वान्सिमा म्हणजे समुद्रकाठच्या अपाम गावातल्या मेथडिस्ट चर्चचा आवाज. पाळक प्रवचनात दम घ्यायला थांबले की ती बसल्या जागेवरून गाणं उचलायची आणि सगळ्या बाया तिच्यामागे. वही नाही, पाठांतर नाही. तोंडाला येतील ते शब्द. मयताला तर तिच्यावाचून पान हलत नसे. "मरणा, तुझ्या होडीला भोक पडलं, येशूनं पाडलं!" अशी ती ललकारली की रडणारेही रुमाल हलवत उभे राहायचे.

मग विधवा झालेली बादुवा भावाकडे राहायला आली. आवाज बसका. पण एका म्हाताऱ्याच्या मयताला तिनं हळूच सूर लावला, "येशू, तुझीही आई रडली होती. ये, आमच्या चटईवर बस." बाया ढसाढसा रडल्या. तेव्हापासून कुणी गेलं की बोलावणं आधी बादुवाला जाऊ लागलं, आणि क्वान्सिमाच्या पोटात निखारा पडला.

"काय गाते गं ती!" भट्टीपाशी नणंद म्हणाली.

"गाते कसली? खुडूक कोंबडी कुरकुरते! आणि राजाधिराजाला खुशाल चटईवर बसवते. सिंहासन मोडलं का त्याचं?"

ती तडक पाळकांकडे गेली. "हे शास्त्राला धरून आहे का?"

"एना," पाळक आईला म्हणावं तसं म्हणाले, "लाजराच्या कबरीपाशी येशू रडला होता ना?"

"रडला. पण नंतर लाजराला उठवलंही!"

"खरंय," म्हणत पाळकांनी बायबल मिटलं. तेवढ्यावर तिला दोन दिवस जेवण गोड लागलं.

ऑगस्टात, हेरिंग माशांच्या ऐन हंगामात, शेजारच्या ओतुवाचा तरणा मुलगा होडी उलटून बुडाला. चौथ्या दिवशी लाटांनी देह किनाऱ्यावर आणून टाकला. मयताला दुखवट्याच्या लाल-काळ्या कपड्यांत सारा गाव लोटला. बादुवानं चटईचं गाणं धरलं. बाया साथ देऊ लागल्या तशी क्वान्सिमाला राहवेना. मध्येच तिनं खणखणीत आवाज चढवला, "मरणा, तुझ्या होडीला..."

होडी म्हणताच ओतुवा उठली आणि तिनं क्वान्सिमाच्या तोंडावर हात ठेवला.

"येशू जिंकला, ठाऊक आहे मला. पण मी हरलेय ना गं! गाऊ दे तिला."

क्वान्सिमाला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. तेवढ्यात बादुवा म्हणाली, "एना, तुम्ही मागून धरा ना. एकटीला पेलत नाही मला."

त्या मऊ बोलण्यानं तर तिचा आणखीच जळफळाट झाला. पण ओतुवा समोर उभी होती. क्वान्सिमानं मागून सूर धरला आणि धरता धरता तिचेच डोळे वाहू लागले. बुडालेल्या पोरासाठी की गेलेल्या मानासाठी, तिचं तिलाही कळलं नाही.

आता दोघी मिळूनच गातात. प्रेतापाशी बादुवा, आणि पेटी उचलून लोक दफनभूमीकडे निघाले की क्वान्सिमा. चटई आणि सिंहासन दोन्ही लागतात, असं पाळक सांगतात. क्वान्सिमा मान डोलावते. पण बोलावणं आधी बादुवाकडे गेल्याचं कळलं, की त्या दिवशी तिच्या घशाखाली घास उतरत नाही.