मशीनच्या कपाळाची टिकली

मशीन गरागरा फिरत हुतं आन् आटं काय पडत न्हवतं. कंपनीचं पावणं हाताची घडी घालून बघत हुतं, आमचं हे घामानं भिजलं हुतं, आन् हे सगळं जिनं केलतं ती बाई गाऊनवर ओढणी टाकून पावण्यांना पाणी देत हुती. ती बाई म्हंजे मी. उजव्या हातात तांब्या, डाव्या मुठीत पुरावा!

पुरावा केवढा, तर करंगळीच्या नखाएवढा चंदेरी कागद.

त्येचं असं झालं. ह्येंनी शिरोलीतल्या फौंड्रीची नोकरी सोडली, दारातल्या शेडात लोखंडाचा गज फिरवून कातायचं जुनं लेथ मशीन आणलं, त्याला मोटरी लावल्या, कम्प्युटर जोडला आन् म्हणालं, झालं सीएनसी. पावण्यांच्या कंपनीला बोल्ट पायजे हुतं, आन् बोल्टाला आटं. आटं काय एका दमात पडत न्हाईत. कापायचं हत्यार त्याच खाचेतनं चार-पाच डाव फिरवाय लागतंय, आन् दर डाव सुरुवात एकाच जागी व्हाय पायजे. म्हणून मशीनच्या मागं एक काळी चकती, चकतीवर एक चंदेरी खूण, आन् खुणेम्होरं एक बारका सेन्सर. सेन्सर म्हंजे डोळा. खूण डोळ्याम्होरनं गेली की कम्प्युटरला कळतंय, एक फेरी झाली. हे सगळं ह्येंनी मला लाटण्यावर पिठाचा ठिपका लावून तीनदा समजावलं. मी तीनदा मान हलवली. (मी आठवी नापास. मान हलवायला नववी लागत न्हाई.)

पण खूण अशी असंल हे कुणाला ठावं? एवढा कम्प्युटर, एवढ्या वायरी, आन् खूण म्हणून चिकटवला काय, तर दातानं फाडल्यासारखा वाकडातिकडा कागद! आमची परी तीन वर्षांची. चॉकलेटचं कागद फ्रिजला, कपाटाला, आज्ज्याच्या चपलेला चिकटवती. सकाळी आत्ती म्हणाल्या (आत्ती म्हंजे माझी सासू), पावणं येणार, मशीन पुसून घे. मी पुसलं. कागद दिसला. परीला चार शिव्या घातल्या, नखानं खरवडून काढला आन् तिला दावायला मुठीत धरला, तवर पावणं दारात.

आन् आता पावणं इचारत हुतं, "का थांबलंय?"

"थांबलं न्हाई, वाट बघतंय," हे म्हणालं.

"कुणाची?"

"खुणेची."

मी मूठ आणखी आवळली. मामंजींनी आधीच बजावलतं, ह्यो नमुना पास झाला न्हाई तर मशीन भंगारात आन् पोरगा परत फौंड्रीत. आन् ह्येंनी मला बजावलतं, मशीनला हात लावायचा न्हाई. आता ह्या दोन्हीच्या मदी तोंड उघडायचं कसं?

ह्येंनी डबा उघडला, वायरी हलवल्या, पंखा काढला. चकती सोडून सगळं तपासलं, कारण चकतीचं काम सोताच्या हातानं केल्यालं! सोताचं काम तपासायचं असतंय हे पुरुषाच्या जातीला कोण शिकवणार? तवर भावजी आले. भावजी म्हंजे माझा दीर, सा म्हैन्यांचा कम्प्युटर कोर्स. मशीनकडं बघितलंबी न्हाई, मोबाईलमदी बघूनच म्हणाले, व्हायरस हाय.

मी सगळ्यांना चहाला आत बसवलं आन् शेडात पळाले. कागद मुठीत घामानं चोळामोळा झालता. मग कपाळावरची टिकली काढली, कागदाच्या जागी चिकटवली आन् वाऱ्यासारखी आत आले. चहा पिऊन सगळी परत शेडात गेली, मशीन सुरू केलं. फिरतंय, वाट बघतंय. त्या डोळ्याला चकाकतंय तेवढंच दिसतंय; टिकली लाल मखमली, ती दिसंल कशी? आत्तींना मात्र माझं कपाळ लगीच दिसलं.

"अगं, नवरा जित्ता हाय की अजून. कपाळ मोकळं घिऊन कुठं फिरतीस?"

घरात धावले. मखमली संपल्याल्या. भावाच्या लग्नातलं खड्यांचं पाकीट सापडलं, टिकलीत वर मोठा खडा आन् खाली बारका, दोन्ही लखलख. एक कपाळाला लावली, एक बोटावर घिऊन शेडात गेले. भावजींनी कम्प्युटर बंद करून चालू करायला लावलता (सा म्हैन्यांत एवढंच शिकवलंय त्यांना). सगळे पडद्याकडं डोळं लावून हुभे. मी फडकं घिऊन मागनं गेले आन् मखमली काढून खड्याची चिकटवली. घाईत आडवी बसली.

मशीन सुरू झालं. हत्यार हललं! भावजींनी कॉलर ताठ केली. आन् दुसऱ्या क्षणाला हत्यार असं सुसाट पळालं की लोखंडाच्या गजावर आटं न्हाई, घाटातली वळणं पडली. पावण्यांनी दोनच गज आणलतं. एक गेला.

ह्येंनी पडदा बघितला. "मिनिटाला चारशे फेऱ्या दिलत्या. आठशे कशा दाखवतंय?"

मग पहिल्यांदा चकतीकडं वाकलं. बघितलं. वळून माझ्या कपाळाकडं बघितलं. परत चकती, परत कपाळ. आडव्या टिकलीचं दोन खडं, डोळा एका फेरीच्या दोन मोजत हुता. मी मूठ उघडून कागदाची गोळी दावली. ह्येंनी नखानं बारका खडा उडवला, मोठा ठेवला आन् दुसरा गज लावला.

पाची डाव हत्यार त्याच खाचेतनं गेलं. पावण्यांनी खिशातलं नट काढून लावलं, ते दोन बोटांनी शेवटापतोर फिरलं. नमुना पास.

"पण ह्यो काय प्रकार?" पावण्यांनी टिकलीवर बोट ठेवलं.

मी ओढणी कपाळावर ओढली. पण आत्ती म्होरं झाल्या. "लक्ष्मी हाय ती आमची, पावणं. मोकळ्या कपाळानं कशी ठेवायची?"

"असू दे," पावणं म्हणालं, "पण आज जे सेटिंग हाय ते बदलायचं न्हाई."

बदललं न्हाई. भावजी अजून सांगत्यात, व्हायरस मी काढला. तेलानं टिकली निसटती, की पाकिटातली दुसरी. गेल्या आठवड्यात हे सकाळी अगदी जवळ आलं आन् माझ्या तोंडाकडं टक लावून बघत ऱ्हायलं. लगीन झाल्यापासनं असं कधी बघितलं न्हवतं, मी लाजून मान खाली घातली. ह्येंनी हनुवटीला धरून मान वर केली, कपाळावरची टिकली अलगद काढली आन् शेडात गेलं. पाकीट संपलतं.

मी तशीच हुभी, डोळं मिटून, मोकळ्या कपाळानं. तुमी असतासा तर काय केलं असतं?