धोंडप्पांच्या पायाचा कडता

टँकरसाठी रस्त्यावर मांडलेली घागरींची रांग चुकवायला मी फटफटी वळवली. घागरी सगळ्या वाचल्या. मागे बसलेल्या धोंडप्पांची मांडी मोडली. दुष्काळाचं वर्ष होतं. एखादी घागर चेपली असती तर लोकांनी मलाही त्यांच्या शेजारच्या खाटेवर पोचवलं असतं. पायासाठी मात्र सगळे रांगेतली जागा न सोडता हळहळले.

धोंडप्पा लातूरच्या आडत बाजारातले मापाडी. लातूर नुकताच जिल्हा झालेला, आणि मी नव्या कचेरीत नांदेडहून बदलून आलेला कारकून, त्यांचाच भाडेकरू. पोत्यांच्या थप्प्यांत वावरलेला हा माणूस मांडीत सळई घालून घरी आला तो काचेचं भांडं होऊन. कुणी दार आपटलं तरी मांडी दाबून धरायचा. सळई गुडघ्यातून बाहेर येणार, याची त्यांना खात्रीच होती.

डॉक्टर म्हणाले, आता पाय टेकवायला लागा. आधी वीस किलो भार, मग हळूहळू वाढवा. भार पडला नाही तर हाड नीट जुळणार नाही. वीस किलो कळावेत म्हणून पाय काट्यावर ठेवायचा. आडतीवरचा जुना वजनकाटा घरी आला. चांगला पाय शेजारच्या पाटावर, मोडका काट्याच्या फळीवर, बगलेत कुबड्या. काट्याला वीस किलोचं वजन लावायचं; पायाच्या भारानं दांडी उचलली की वीस भरले.

दांडी रोज उचलायची. तरी पाय वाळतच चालला. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. मग म्हणाले, असंच राहिलं तर पुन्हा कापावं लागेल.

धोंडप्पांच्या बायकोनं, नीलम्मानं, काटा तपासला. अप्पांनी वजनच कमी लावलेलं. पोत्याचं बारदान वजा करतात तशी सळई वजा, आणि बाजारात धूळ-ओलाव्यापायी कापतात तसा वर कडताही कापलेला. सळई काही माझ्या अंगची न्हाई, तिचं वजन मी कशाला धरू, असं त्यांचं म्हणणं.

"आजपास्नं कडता बंद," म्हणून नीलम्मानं पुरे वीस लावले आणि समोर बसली.

अप्पा काट्यापाशी उभे राहिले. घोटभर पाण्याला महाग झालेल्या गावात त्यांच्या कपाळावर एवढा घाम कुठून आला, कोण जाणे. गळ्यातल्या लिंगाला त्यांनी हात लावला आणि तो झटकन परत कुबडीवर ठेवला. पाय फळीवर होता, पण नुसता टेकलेला. मी पुढे होऊन दंड धरला. टाका अप्पा, मी हाय, म्हणालो.

दांडी हलेना.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, दंड झटकून सोडवला, डोळे मिटले आणि पायावर भार टाकला. दांडी खट् करून वर गेली. आम्ही तिघंही काहीतरी मोडल्याचा आवाज यायची वाट बघत राहिलो. आला नाही. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. बाजार दणाणून सोडणारा तो शब्द अप्पांच्या तोंडून अगदी बारीक निघाला, "लाभ."

नीलम्मानं पदर डोळ्यांना लावला. मला मात्र जरा लागलंच होतं.

"अप्पा, मी आधार द्यायला धरलं होतं. दंड कशाला झटकला?"

"गाडीबी तुमीच धरली व्हती, भाऊसाहेब."