मुकादमाची रजा

तुमच्या घरातलं म्हातारं माणूस जिन्यावरून पडलं, तर तुम्ही त्याला गाडीत घालून शहराबाहेर सोडून याल का? नाही ना? मग सोफेवाल्या मावशीच्या कुत्र्यासाठी अख्ख्या इमारतीला नेमकं तेच कसं सुचलं, ते आधी सांगा.

मावशी तळमजल्यावरच्या खोलीत राहायची आणि तिथेच फाटके सोफे नव्याने भरून द्यायची. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले, हे बाईचं काम नव्हे. तिने ओठांत खिळे धरले आणि तोंड न उघडता हातोडीनेच उत्तर दिलं. तिचा कुत्रा दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे असा बघायचा, जणू सगळ्यांची हजेरी त्याच्याकडे. म्हणून त्याचं नाव मुकादम.

म्हातारपणी मुकादमाचे डोळे गेले. तरी त्याचं काही अडलं नाही. मावशीची हातोडी चालू असली की त्या आवाजावरून त्याला पाण्याचं भांडं सापडायचं, दार सापडायचं, स्वतःचं पोतं सापडायचं. हातोडी थांबली की मान वर करून तो वाट बघायचा.

पुढे त्याने खाणं टाकलं. मावशीची लेक तिला म्हणाली, बिचाऱ्याला आराम पडू दे, ती ठोकाठोक बंद कर. मावशीलाही पटलं. त्या दिवशी तिने फक्त शिलाई केली, तीही हाताने. खोली अशी गप्प, की मुकादमाला वाटलं मावशी घरात नाहीच. तो उठला आणि तिला शोधायला निघाला. जन्मात कधी चढला नव्हता तो जिना चढला, वर राहणाऱ्या सोसायटीच्या चेअरमनच्या उंबऱ्यावर मुतला आणि वळताना गडगडत खाली आला.

चेअरमन आधी उंबरा बघून ओरडला, मग कुत्रा बघून. बेवारशी जनावरं नेणारी गाडी बोलावतो म्हणाला, आणि जमलेल्या शेजाऱ्यांनीही माना डोलावल्या. मावशी जिन्याच्या तोंडाशी मुकादमाला मांडीवर घेऊन बसली होती. माझीच चूक, मीच त्याच्याकडून हातोडीचा आवाज काढून घेतला, हे तिच्या काळजात रुतलं होतं. पण ते चेअरमनला कशाला सांगेल? ती एवढंच म्हणाली, "बेवारशी कोणाला म्हणता? वारस इथं बसलीय."

लेकीने बोलावलेला जनावरांचा डॉक्टर आला. कणा मोडलाय, आता हाल वाचवायचे तर कायमचं निजवणारं इंजेक्शन, असं त्याने स्वच्छ सांगितलं. दवाखान्यात आणा म्हणाला. मावशी म्हणाली, तो इथेच राहिला, इथूनच जाईल. त्यावर चेअरमनने इमारतीचे नियम काढले. लहान मुलं बघतील, असले प्रकार इथे नकोत, निदान दार तरी लावा.

मावशीने दाराची दुसरी झडपही उघडली.

"बघू देत पोरांना. म्हाताऱ्याला निरोप कसा देतात, ते तुम्ही तर शिकवणार नाही."

दारातल्या अर्धवट भरलेल्या सोफ्यावर तिने मुकादमाला निजवलं. गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर कुत्रा, म्हणून कोणी कुजबुजलं. कापड माझं, मी बदलीन, असं तिने न वळताच ऐकवलं. लेकीने त्याचं डोकं धरलं. डॉक्टर हळूच म्हणाला, जरा शांतता ठेवा.

"शांततेनंच पडला तो," मावशी म्हणाली. "तुम्ही तुमचं काम करा, मी माझं करते."

आणि तिने शेजारच्या खुर्चीवर हातोडी चालवली. एकेक खिळा, सावकाश. मुकादमाचा कान तिकडे वळला. पडल्यापासून चाललेलं त्याचं कण्हणं थांबलं, मान लेकीच्या तळहातावर सैल पडली. डॉक्टरने सुई काढली, संपलं म्हणून हात वर केला, तरी मावशी थांबली नाही. हातातली खिळ्यांची ओळ पुरी केली, मगच उठली.

दुसऱ्या दिवशी चेअरमन गोड होऊन आला. झालं ते झालं, ओळखीत एक छान पिल्लू आहे, आणून देतो म्हणाला. मावशीने ओठांतले खिळे तळहातावर काढून घेतले. "तुमच्या घरात कोणी गेलं, की मीही एक आणून देते," म्हणाली. त्यानंतर तो तिच्या दारावरून जाताना खाली बघून जातो.

तुमच्याही इमारतीत असं एखादं म्हातारं जनावर असेल, वास मारणारं, वाटेत आडवं पडणारं. गाडीला फोन लावण्याआधी एकदा त्या घराचं दार वाजवा. आणि दार उघडलं तर नाक दाबून बाहेर उभे राहू नका. आत जाऊन बसा.