पऱ्हाटीचं तेल

वहिनीचा फोन आला तेव्हा मी नगरला, सावेडीतल्या घरी उत्तरपत्रिका तपासत होते. "वन्सं, तुमचे भाऊ शेडमधी बसल्यालेत... उठंनात," एवढंच ती म्हणाली. तिसगावजवळच्या आमच्या वस्तीवर पोचले तोवर दुपार कलली होती. अण्णाला बाहेर बाजेवर ठेवलं होतं. चेहरा शांत, गाल लालसर. डॉक्टरांनी सांगण्याआधीच मला कळलं. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते.

चार वर्षांपूर्वी त्यानेच विचारलं होतं, "सुमे, कापूस येचून झाला की पऱ्हाट्या बांधावर जाळायच्या, आन् डिझेलला तिसगावला पळायचं. ह्याला काय म्हनायचं?" मी सहज सांगितलं, बंद पिंपात हवा न लागू देता कपाशीच्या त्या वाळक्या काड्या तापवल्या, तर निघणारा धूर थंड करून तेल मिळतं. मी बोलून विसरले, तो विसरला नाही. जुन्या पिंपांना नळ्या जोडून, त्या पाण्याच्या टाकीतून फिरवून त्याने शेडमध्ये भट्टी उभी केली. पहिलं काळं, उग्र तेल त्याने विहिरीवरच्या इंजिनात घातलं आणि इंजिन जाम झालं. वहिनीने दोन दिवस अबोला धरला. पण गावातल्या वीटभट्टीत ते तेल छान पेटलं. मग शेजारीही पऱ्हाट्या जाळायच्या सोडून त्याच्याकडे आणून टाकू लागले.

तेल निघाल्यावर उरलेला वायू तो भट्टीखालीच जाळायचा. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याचा वास येत नाही, शेड उघडी ठेव, असं मी पहिल्याच वर्षी बजावलं होतं. यंदा थंडीत मी वस्तीवर गेले, तर वाऱ्याने जाळ विझतो म्हणून त्याने तिन्ही बाजूंना पत्रे ठोकलेले. "बघ, आता कसा जाळ धरतोय!" इतका खूश होता तो... मी पत्र्यांकडे पाहिलं आणि काहीच बोलले नाही. तिथंच बसून चहा प्याले.

दहावा झाल्यावर वहिनीने विचारलं, "तुमाला म्हाईत व्हतं?"

"हो."

 ती उठून पहार घेऊन आली. आम्ही दोघींनी पत्रे उचकटले. नंतर तिने मला जेवायला वाढलं, पण बोलली नाही. अजूनही फोनवर कामापुरतंच बोलते. बांधांवर पुन्हा पऱ्हाट्या पेटल्यात, हेही तिनेच सांगितलं.

अण्णा नगरला आला की आधी आमच्या बेसिनवर हात घासायचा. त्याच्यासाठी ठेवलेला जुना टॉवेल अजून तिथंच आहे, डागांनी कडक झालेला. कितीदा धुतला तरी धुराचा वास जात नाही. परवा मुलीने विचारलं, टाकून देऊ का? राहू दे, म्हटलं. हल्ली मीही त्यालाच हात पुसते.