आत्याचा भरलेला डबा

कम्युनिटीतल्या मैत्रिणींनो, आज दुपारी न कळवता तांबरमला आत्याकडे गेले. ती ब्याऐंशीची, एकटीच राहते. महिन्यापूर्वी मी तिला मेसचा डबा लावून दिला. फोनवर रोज म्हणायची, "जेवले गं, छान होतं."

आज पाहिलं तर डबा भरलेला, आणि ही दूध-पोहे खातेय!

"आत्या, हे काय?"

"अगं, त्यात रोज कांदा. देवाला नैवेद्य कसा दाखवू? डबा कामवालीला देते. तुला कशाला घोर?"

मेसवाल्या मामींना फोन लावला. म्हणाल्या, "एका माणसासाठी वेगळं सांबार जमत नाही, अम्मा."

मी राहते अड्यारला, तिथून रोज एवढ्या लांब तांबरमला जाणं मला होत नाही. आत्याला रागवणार होते, पण नैवेद्याशिवाय मी तरी कुठे जेवते? तुम्ही तिला काय सांगितलं असतं?