साडूभाऊंचा रविवारचा पराभव

जगात इतका सुखी पराभूत माणूस दुसरा नसेल; आणि असलाच तर तो माझा साडू नाही, त्यामुळे त्याच्याशी मला काही देणंघेणं नाही. आमचे साडूभाऊ, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, तोक्योत ओजिमाला आमच्याच वसाहतीत दोन इमारती सोडून राहतात, बँकेत कम्प्युटरसमोर बसतात आणि उत्तर इंग्लंडमधल्या एका गावच्या फुटबॉल क्लबवर जीव टाकतात. क्लबचं नाव सांगून उपयोग नाही. त्या गावातले निम्मे लोकही ते विसरायच्या खटपटीत आहेत.

बँकेने एकदा त्यांना आठ महिने तिकडे धाडलं होतं. पावसाने आणि उकडलेल्या बटाट्यांनी माणूस खंगत चाललेला बघून घरमालकिणीने एका शनिवारी स्वतःचा मफलर त्यांच्या गळ्यात अडकवला आणि मैदानावर नेलं. क्लब चार-शून्यने हरला आणि साडूभाऊ कायमचे कामातून गेले. सासऱ्यांचं ऑपरेशन उजव्या गुडघ्याचं झालं की डाव्या, हे त्यांना आजही सांगता येत नाही; पण राखीव गोलकीपरचा कुठला घोटा थंडीत दुखतो ते विचारा! लोकरीच्या गिरणीतल्या कामगारांनी क्लब काढला म्हणून बोधचिन्हात मेंढी आहे. करंडक आयुष्यात एकदाच मिळाला, तोही साडूभाऊंच्या वडिलांच्या जन्माआधी. आणि मालकाने मैदान विकायला काढलं तेव्हा गावातल्या बायका फाटकात खुर्च्या टाकून सात आठवडे विणत बसल्या, शेवटी मालकच कंटाळला. ही शेवटची गोष्ट साडूभाऊ अशी सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, दोन सुया उलट एक सुलट करत हेही तिथे तिसऱ्या खुर्चीवर होते.

सामने इकडच्या वेळेने मध्यरात्री असतात. पहिल्या वर्षी यांच्या एका आरोळीने खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी भूकंप समजून हेल्मेट घातलं. तेव्हापासून साडूभाऊ शनिवारी शहाण्यासारखे झोपतात आणि रविवारी सकाळी नऊला रेकॉर्डिंग लावतात. तोपर्यंत निकाल कानावर पडता कामा नये. फोन तांदळाच्या डब्यात जातो. कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानात, दूध आणायलासुद्धा ते कानात बोळे घालून जातात. जणू कॅशिअरबाई वाकून नमस्कार करून सांगणार आहे, ‘दोन-एक, साहेब.’ तिकडे मैदानावर मटण भरलेलं काहीतरी गरम खातात, म्हणून इकडे खिम्याच्या करंज्या. आणि टीव्हीचा आवाज बंद, कारण कॉमेंट्री हे स्वतः करतात. मराठीत.

इथे माझं दुखणं सुरू होतं. माझी लेक नऊ वर्षांची. शाळेत काय झालं विचारलं की मला एकच उत्तर मिळतं, ‘बेत्सुनी’. म्हणजे जपानीत ‘विशेष काही नाही’. मी दीड वर्ष बाराखडी गिरवून घेतली, पुण्याहून पुस्तकांची बॅग वाहून आणली, एकेका मराठी वाक्याला एकेक चॉकलेट लावलं. दात किडले, वाक्य आलं नाही. आणि एका रविवारी तिला आणायला गेलो तर दाराबाहेरच ऐकू आलं, “अरे बावळटा, पास दे की! काका, ह्याला काढा ना, नुसता चरतोय!” हे माझी मुलगी बोलत होती! मेंढीवाला मफलर गळ्यात, करंजी हातात! मी जिन्यावर पाच मिनिटं उभा राहिलो. आनंद झाला म्हणेन तर खोटं ठरेल. मला साडूभाऊंना उचलून घरमालकिणीकडे परत पाठवावंसं वाटलं.

मोसमाचा शेवटचा सामना आला. बरोबरी झाली तर क्लब तरणार, हरला तर खालच्या श्रेणीत. रविवारी लेक सातलाच काकांकडे गेली. मी फोन उघडला. शून्य-एक. शेवटच्या मिनिटाला. मी चप्पल घातली आणि निघालो. दारातच निकाल सांगायचा, एवढाच माझा बेत होता.

“साडोबा, तोंड उघडू नका!” दार उघडताच साडूभाऊंनी दोन्ही कान झाकले. “तुमचा चेहराही नको. खाली बघत आत या आणि बसा.”

मी बसलो. मध्यंतरात ते करंज्या तळायला गेले. आम्ही दोघंच. लेक हात जोडून बंद पडद्याकडे बघत होती. वाक्य माझ्या जिभेवर होतं. दया आली असं लिहिलं तर छान दिसेल; पण मी घाबरलो. हे सांगणारा माणूस तिच्या आयुष्यभर लक्षात राहिला असता. मी करंजी तोंडात कोंबली.

पुढची पंचेचाळीस मिनिटं त्या खोलीत मी एकटा म्हातारा होतो. दोघं उड्या मारत होते, रेफरीच्या कुळाचा उद्धार करत होते, “फक्त चार मिनिटं, काका!” “गप, मोजू नकोस!” चालू होतं. मग ते झालं. साडूभाऊंची कॉमेंट्री मधेच थांबली. लेकीने त्यांच्या बाहीत तोंड खुपसलं.

“रडून घे, बाळ,” ते म्हणाले. “ऑगस्टमध्ये परत सुरू. खालून.”

मी सोफ्याच्या कडेला. माझं काहीही हरलं नव्हतं. आणि खरं सांगतो, इतका हेवा मला त्यांच्या हसण्याचाही कधी वाटला नव्हता. तेवढ्यात लेकीने मान वळवली. डोळे लाल.

“बाबा, तुला काहीच वाटत नाही?”

अख्खं वाक्य. मराठीत. मला.

“वाटतं गं,” मी म्हणालो. साडूभाऊ थोडे सरकले आणि आमच्या दोघांमध्ये लेकीपुरती जागा झाली.